सोबतीला दिलेली पोर

कराडचं स्थळ मोडलं ते हुंड्यावरून नाही आणि माझ्या रंगावरूनही नाही. मुलाच्या चुलत्यांनी आमच्या आबांना एवढंच विचारलं होतं, "तुमचं कूळ कोणतं? देवक काय?"

आबा म्हणाले, "आमी मराठंच की."

"ते झालंच हो. पण कूळ?"

आबांनी पानाचं तबक त्यांच्यापुढे सरकवलं आणि ज्वारीच्या भावाचं बोलायला लागले. चुलते जुन्या वळणाचे होते. त्यांनी पान खाल्लं, चुना बोटाला पुसला आणि जाताना सांगितलं, "हेळव्याच्या चोपडीतला उतारा तेवढा दाखवा. मग पुढचं बघू."

लढाई संपली ते वर्ष. मी साताऱ्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते, तेवीस वर्षांची होते, आणि त्या काळच्या मानाने घोडनवरीच. कूळ माहीत नसणं ही मला फार मोठी गोष्ट वाटली नाही. वर्गातल्या मुलींना मी सनावळ्या पाठ करायला लावत असे. एखादी विसरली तर मी म्हणे, "शोधून ये." मला वाटलं, हेही तसंच शोधून काढता येईल.

आमचं गाव तासगावच्या बाजूला. सुगी झाली की तिथे हेळवी येतो. सजवलेल्या बैलावर बसून येतो, ज्याच्या त्याच्या दारात थांबतो आणि त्या घराच्या पिढ्या म्हणून दाखवतो. कोण कुठून आला, कुणाला किती मुलगे, कोणती सून कोणत्या गावची. सगळं त्याच्या चोपडीत असतं आणि त्याहून जास्त तोंडात. घरची बाई सुपातून धान्य आणते, चोपडीला हळदकुंकू लावते. लहानपणी मी गल्लीतल्या सगळ्या घरांचे पूर्वज ऐकले होते. आमच्या घरी तो थांबत नसे. आमचं घर गल्लीच्या शेवटी होतं, त्यामुळे तिथवर येईपर्यंत त्याचं पोतं भरत असेल अशी माझी समजूत.

त्या वर्षी मी रजा काढून घरी गेले, आणि हेळवी आला तेव्हा रस्त्यात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आमच्याकडं या." सुपात ज्वारी काढून ठेवली होती. तो वयस्क माणूस होता, कानडी हेल होता बोलण्यात. त्याने आधी सूप बघितलं, मग मला, मग दारात उभ्या असलेल्या आईला. बैलावरून उतरला नाही.

"अक्का," तो म्हणाला, "हे घर आमच्याकडं न्हाई."

"म्हणजे चोपडीत नाही?"

"आमच्या बा-आज्यानं लिवलंच न्हाई. थोरल्या घरात इचारा. तुमचं तिथं आसल."

आणि बैलाला टाच मारली. शेजारची बाई ओसरीत उभी होती. ती आत जाताना हसली. ज्वारी मी परत कणगीत ओतली.

थोरलं घर म्हणजे ब्राह्मण इनामदारांचं घर. गावात दगडी जोत्याचं, दोन चौकांचं ते एकच घर. आबा त्यांच्या मळ्याची देखरेख करत. आम्ही राहत होतो ती जागा त्यांचीच. दर दसऱ्याला आबा धुतलेलं धोतर नेसून त्यांच्याकडे सोनं द्यायला जात, खालच्या पायरीवर उभे राहत आणि नारळ घेऊन येत. लहान असताना मीही बरोबर जाई आणि मला त्याचा अभिमान वाटे. माझ्या ट्रेनिंग कॉलेजसाठी शिफारसपत्र इनामदारांनीच दिलं होतं. रावसाहेब म्हणत त्यांना सगळे. विद्वान, विधुर, सत्तरीचे गृहस्थ. मोडी वाचण्यात त्यांचा हात धरणारा सांगलीपर्यंत कुणी नव्हता.

आबांना मी हेळव्याचं सांगितलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "तुला कुणी सांगितलं हुतं त्याला हाक मारायला?"

"कराडकरांनीच मागितलंय ना."

"कराड ऱ्हाऊ दे. दुसरं बघू. ह्यो इषय पुना काढायचा न्हाई."

आबा मला कधी रागावत नसत. त्या दिवशी रागावले आणि ताटावरून उठले.

आईने दुसऱ्या दिवशी सांगितलं, नदीवर धुणं धुताना, दगडावर लुगडं आपटत, माझ्याकडे न बघता. तिला तिच्या सासूने सांगितलेलं. "तुझी पणजी साताऱ्याची. थोरल्या घरच्या एका सूनबाईसंगं आली, तिच्या लग्नात. आठ वर्साची हुती म्हनं. तोंडावर देवीचे वण."

"नातेवाईक होती का त्यांची?"

आईने लुगडं पिळलं. "आंदण दिली हुती. भांडीकुंडी देत्यात तशी. कुणबीण."

कुणबीण हा शब्द मला पुस्तकातून माहीत होता. कुणब्याची बायको नव्हे. विकत घेतलेली बाई. पेशवाईत अशा बायका असत, हे मी शाळेत शिकले होते आणि मुलींना शिकवतही होते, दोन ओळींत.

"आणि आजोबा? आजोबांचे वडील कोण?"

"ते इचारू नगं."

"आई, मला कळायला पाहिजे."

"काय करनार हाईस कळून?" आई एकदम चिडली. "तुझ्या आजाला अख्खं गाव लेकावळा म्हनायचं. मला लगीन होऊन आल्यावर कळलं. माझ्या बापाला ठावं हुतं, तरी दिली त्यानं, कारण आमची परिस्थिती तशी. बास झालं?"

लेकावळा म्हणजे काय हे मला विचारावं लागलं नाही. मालकाच्या घरात कुणबिणीला झालेलं पोर. मी नदीत बघत बसले. आमच्या घरात आबांचे आणि माझे डोळे घारे आहेत. आईकडचे मला मांजरी म्हणत. आजवर मला ते कौतुक वाटत आलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी थोरल्या घरी गेले. आबांना सांगितलं नाही.

रावसाहेब सोप्यात झोपाळ्यावर बसले होते. मला बघून त्यांना खरोखर आनंद झाला. "या मास्तरीणबाई! काय म्हणतो सातारा?" मी म्हटलं, जुन्या काळच्या लग्नांबद्दल माहिती गोळा करते आहे, शाळेसाठी. आपल्याकडे एखादी आंदणाची यादी असेल तर बघायची होती. हे निम्मं खोटं मी वाटेत जुळवून ठेवलं होतं.

ते उत्साहाने उठले. फडताळातून लाल कापडात बांधलेला कागदांचा एक रुमाल काढला, गाठ सोडली. त्यांच्या सूनबाईंनी माझा चहा आणून खालच्या पायरीवर ठेवला. कप विसळून पालथा घालायचा, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आम्ही तिघी बहिणी ते चालायला लागल्यापासून करत आलो होतो.

"ही बघा," ते म्हणाले, "आमच्या आजीच्या लग्नातली यादी. आजीचं माहेर साताऱ्याचं. मोठं घराणं. आजी नऊ वर्षांची होती तेव्हा. लिहून घ्या, मी सांगतो."

मी वहीत लिहीत गेले. दागिने, लुगडी, समया, तांब्याचे हंडे, एक घोडी, तिचा रंग आणि तिच्या कपाळावरचा ठिपका, दोन दुभत्या गाई. ते वाचत होते आणि मध्येमध्ये थांबून एखादी वस्तू अजून घरात कुठे आहे ते सांगत होते. घंगाळ अजून न्हाणीत होतं. मग त्याच आवाजात ते वाचत गेले, "कुणबिणी असामी तीन. पैकी पोर एक, उमर आठ, अंगाने निरोगी, देवी येऊन गेलेल्या, मुलीच्या सोबतीस." पुढे तिचं नाव.

माझी पेन्सिल थांबली. नाव मी लिहिलं, पण इथे लिहीत नाही. ते तिच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. रावसाहेबांनीच सांगितलं, विकत घेतल्यावर मालक नवीन नाव ठेवत, फुलाचं नाहीतर नदीचं.

"देवी येऊन गेलेल्या, असं का लिहिलंय?" मी विचारलं.

"म्हणजे पुन्हा येण्याची भीती नाही. आणून लगेच मेली तर काय उपयोग? बघून घेत असत." ते हसले. "फार व्यवहारी माणसं हो."

"आणि ही पोर मुळात कुठली, ते कुठे असेल?"

"खरेदीचे कागदही यादीबरोबर देत. दुसऱ्या रुमालात आहेत आमच्याकडे. गाव असतं त्यात, आईचं नावही असतं कधी कधी. दुष्काळात लोक विकत पोरं." माझी आस्था बघून ते पुढे वाकले. "पण एक लिहून ठेवा बाई. आमच्या घरात त्यांना कधी उपाशी ठेवलं नाही. घरचीच माणसं होती ती."

त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. ते वाक्य त्यांनी म्हटलं नसतं तर मी गप्प राहून दुसरा रुमालही बघितला असता.

"होय, घरचीच," मी म्हटलं. "ती माझी पणजी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांत मी प्रथमच त्यांच्याकडे समोरून, डोळ्यांत बघितलं. तेच घारे डोळे. त्यांना ते माझ्याआधी कळलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली आणि कागदांच्या कडा सारख्या करायला घेतल्या.

"पुन्हा केव्हातरी या," ते म्हणाले. "आज उन्हं कलली. अक्षर दिसत नाही."

सोप्यात लख्ख ऊन होतं. मी कप विसळला, पालथा घातला आणि घरी आले.

आबांना ते कुणाकडून तरी संध्याकाळपर्यंत कळलं. मी शिव्या ऐकायची तयारी केली होती. पण आबा दारातल्या कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "त्यांनी तुला शिकीवलं. त्यांच्या तोंडावर आसं बोलतीस?"

"आबा, त्यांच्या आजोबांनी तुमच्या आजीला–"

"ठावं हाय मला!" ते ओरडले. मग आवाज खाली आणला. "लहानपनापासनं ठावं हाय. त्या घरात मी आन् रावसायब एका वयाचे. एकत्र खेळलोय. मुंज त्यांची झाली आन् मी वाजंत्र्यांचं जेवान वाढलं. तुला काय वाटलं, मला कळत न्हाई?"

"मग दसऱ्याला का जाता?"

"जायाचं आसतं म्हनून जातो."

पुढच्या दसऱ्याला ते गेले. त्याच्या पुढच्याही.

मी साताऱ्याला परतले. यादीत रावसाहेबांच्या आजीच्या माहेराचा पत्ता होता. त्या पेठेतूनच मी रोज शाळेला जात असे. एका रविवारी ते घर शोधून काढलं. खाली शिंप्याचं दुकान, वर त्या घराण्यातले एक निवृत्त कारकून. मी जुन्या कागदांचं विचारलं. ते म्हणाले, "मोडीचे होते हो, दोन पेट्या. आता वाचतो कोण? लढाईत कागद महाग झाला, तेव्हा वाण्याला घातले. चांगला भाव आला."

म्हणजे साताऱ्यात माझ्या पणजीच्या नावाच्या कागदात कुणीतरी हळद बांधून नेली होती. आता जे काही उरलं होतं ते थोरल्या घरातल्या दुसऱ्या रुमालात. मी जायला हवं होतं. दोन वर्षांत चार वेळा मी गावी गेले, आणि चारही वेळा त्या घराच्या रस्त्याने न जाता ओढ्याकडून वळसा घालून गेले. मला वाटे, त्यांनी बोलवावं. शंभर वर्षं राहिलेला कागद कुठे पळून जात नाही, असंही वाटे.

अठ्ठेचाळीसच्या जानेवारीअखेर दिल्लीची बातमी आली. गोळ्या झाडणारा कुठल्या जातीचा ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं, आणि आमच्या भागात ब्राह्मणांची घरं पेटायला लागली. साताऱ्यातही धूर दिसत होता. शाळा बंद झाली. गाड्या सुरळीत झाल्यावर मी भिलवडी स्टेशनवर उतरून गावापर्यंत चालत गेले. आबा घरात पालथे पडले होते. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, त्यांवर आईने कोरफड लावलेली.

काय झालं ते आईने सांगितलं. भरदुपारी थोरल्या घरावर शे-दोनशे माणसं आली, निम्मी बाहेरगावची, निम्मी आपलीच. घरातली बायकापोरं मागच्या दाराने उसात गेली. रावसाहेब मात्र गेले नाहीत. मारुतीच्या देवळापाशी आबा उभे होते. छपरातून जाळ दिसला तसे ते धावले. कुणीतरी त्यांना धरलं, म्हणालं, "तुझ्या आजीचं वसूल झालं म्हन की गड्या! तू कशाला जातूस?" दुसरा म्हणाला, "सोडा रं त्याला. लेकावळा त्यो. धन्याकडंच धावनार."

म्हणजे गावात सगळ्यांना सगळं तोंडपाठ होतं. चोपडीची गरजच नव्हती.

आबांनी रावसाहेबांना फडताळासमोरून उचललं. ते कागद काढत बसले होते. पाठीवर घेऊन मागच्या दाराने बाहेर आणलं. वाटेत वरची तुळई कोसळली, ती आबांनी हातांवर झेलली.

"कागद?" मी आईला विचारलं.

आई माझ्याकडे बघत राहिली. "बापाचे हात बघ आदी," ती म्हणाली.

मला लाज वाटली. तरी दुपारी मी तिकडे गेले. जोत्यावर काही उभं नव्हतं. फडताळाच्या जागी राखेत कागदांचे थर पुस्तकासारखे दिसत होते. एकावर अक्षरंही दिसली, काळ्यावर चकाकणारी. मी बोट लावलं तर त्याची पूड झाली. मी तिथे उभी राहून रडले, आणि रस्त्याने जाणाऱ्या दोघांना वाटलं की इनामदारांसाठी रडते आहे. एक जण थुंकला.

ज्यांनी ते घर जाळलं त्यांच्यातल्या एकालाही माझ्या पणजीशी काही देणंघेणं नव्हतं. ज्यांच्या आजोबांनी माझ्या आजोबांना पंगतीतून उठवलं होतं तेच ते लोक. त्यांनी तिच्या आईचं नाव जाळलं आणि त्यांना ते कळलंही नाही.

रावसाहेब पुण्याला मुलाकडे गेले. वर्ष संपत आलं तेव्हा मला शाळेच्या पत्त्यावर त्यांचं पत्र आलं. अक्षर कापरं झालं होतं. आबांच्या प्रकृतीची चौकशी होती. मग लिहिलं होतं की घराण्याचा कुलवृत्तांत छापायला घेतला आहे, सारं दफ्तर जळाल्यामुळे फार अडचण होते, तरी आपण उतरवून घेतलेली आंदणाची यादी कृपया नकलून पाठवावी. ती एकच प्रत आता जगात आहे.

त्यांच्या घराण्याचा कागद माझ्या वहीत होता. मी तीन दिवस उत्तर लिहीत होते. शेवटी लिहिलं की यादी पाठवते, सगळी, घोडीच्या ठिपक्यासकट. एकच विनंती आहे. त्या आठ वर्षांच्या मुलीची ओळ जशीच्या तशी छापावी, आणि पुढे तिला मुलगा झाला तो आपल्या घराण्यातल्या कोणाचा, हे आपल्याला ठाऊक आहे, तेही त्याच्या जागी छापावं. आमच्याकडे दुसरी चोपडी नाही.

त्या पत्राला उत्तर आलं नाही. यादी मी पाठवली नाही.

पुढच्या वर्षी कुलवृत्तांत टपालाने आबांच्या नावाने आला. जाड पुस्तक, सोनेरी अक्षरांचं. शेवटी घडीचा मोठा कागद, त्यावर वंशवृक्ष. मी तो जमिनीवर पसरून प्रत्येक फांदी बघितली. रावसाहेबांच्या आजीच्या नवऱ्याखाली दोन मुलगे, एक मुलगी. तिसरा नाही. आंदणाबद्दल एक ओळ होती, "माहेराहून पुष्कळ आंदण आले."

प्रस्तावना रावसाहेबांची. तिच्यात आगीचा मजकूर होता आणि पुढे असं होतं की त्या प्रसंगी एका इमानी गड्याने मला पाठीवर घेऊन बाहेर काढले, अशी माणसे आता दुर्मिळ.

आबांना वाचता येत नव्हतं. त्यांची बोटं भाजल्यापासून सरळ होत नसत, त्यामुळे पान मी धरलं.

"आपलं लिवलंय का त्यात?" त्यांनी विचारलं.

मी ती ओळ वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितली. पुन्हा वाचली.

"बघ," आबा आईला म्हणाले, "इसरलं न्हाईत." आणि दिवसभर जो येईल त्याला ते पुस्तक दाखवत राहिले. पान कोणतं ते कळावं म्हणून त्यात त्यांनी ज्वारीचं एक वाळलेलं पातं घालून ठेवलं होतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने साताऱ्याला निघून गेले.